नऊ नंबरची खुर्ची

माझा दादा काय काम करतो हे सासरच्या माणसांना मला पंचवीस वर्षांत नीट सांगता आलेलं नाही. "सिंफनी ऑर्केस्ट्रात असतो" म्हटलं की "काय वाजवतात?" हा प्रश्न ठरलेला. "काही वाजवत नाही" म्हटलं की समोरचा हळूच विचारतो, "मग गातात?" थोरल्या जाऊबाईंनी तर एकदा भर पंगतीत विचारलं होतं, "ते काठी घेऊन हातवारे करतात, ते का?" तेही नाही. हातवारे करणाऱ्या संचालकाला ठरल्या मिनिटाला दारातून स्टेजवर सोडणारा तो माझा दादा. आणि संचालक आत पाऊल टाकेल तेव्हा समोर चौऱ्याऐंशी माणसं चौऱ्याऐंशी खुर्च्यांवर, आपापल्या वाद्यांसकट, आपापल्या कागदांसमोर बसलेली असतील, हे बघणाराही तोच.

"एवढंच?" जाऊबाई म्हणाल्या.

"एवढंच," दादा म्हणाला आणि भात वाढून घेतला. तो होताच त्या पंगतीत.

वाद्यवृंदातले लोक त्याला मास्तर म्हणतात. खुर्चीमास्तर हे मूळ नाव, पुढे खुर्ची गळली. मधे त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे गाडी चालवायला मनाई केली. तेव्हा मी त्याला सकाळी सोडायला जायची आणि बऱ्याचदा तिथंच थांबायची, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं. त्याची खोली तळघरात, माल उतरवायच्या मोठ्या दाराशेजारी. खिडकी नाही. एका भिंतीवर स्टेजचा नकाशा, त्यावर खुर्च्यांचे छोटे गोल. दुसऱ्या भिंतीवर एक जुना स्पीकर, त्यातून वर स्टेजवर चाललेलं सगळं खाली ऐकू येतं. तालीम, खोकले, कुजबुज, खुर्च्यांची ओढाओढ.

तो नकाशा म्हणजे कुंडलीच होती. सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्या बाईंच्या डोळ्यावर दिवा येतो, म्हणून त्यांची खुर्ची वीतभर डावीकडे. पुढच्या रांगेतल्या दोन व्हायोलिनवाल्यांचा घटस्फोट झालेला, म्हणून त्यांच्यामधे कायम तिसरा माणूस. तुताऱ्यांच्या पुढ्यात बसणाऱ्यांच्या कानामागे काचेसारख्या प्लास्टिकच्या उभ्या फळ्या. "यांची भांडणं मिटवायचं काम माझं नाही," दादा म्हणायचा, "पण दोन फुटांची जागा सरकवणं माझ्या हातात आहे. बरीचशी भांडणं दोन फुटांचीच असतात."

आणि वेळ. तालीम एक वाजता संपायची असेल तर एकला दादा स्टेजच्या कडेला येऊन उभा राहायचा, काही न बोलता. एकदा बाहेरून आलेले फार मोठे संचालक म्हणाले, "मास्तर, आठच ओळी राहिल्यात."

"राहू द्या की," दादा म्हणाला. "उद्या कुठं जातायत त्या."

सगळे हसले. संचालकही हसले आणि काठी खाली ठेवली. पण बाहेर पडताना दादाबरोबर कुणी बाहेर पडलं नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. चारचारच्या घोळक्यात सगळे जेवायला गेले. कुणाचा काही राग नव्हता. ज्यानं घंटा द्यायची त्याला खेळात कोण घेतं? दादा खाली आला, डबा उघडला आणि नकाशाकडे तोंड करून जेवला. रोज तसाच जेवत असावा, कारण टेबलावर दुसऱ्या माणसाचा डबा मावेल एवढी जागाच नव्हती.

असं होतं की बाकीची माणसं मोकळी होतात ती वेळ याच्या कामाची. लोक कार्यक्रमाला जातात, हा कार्यक्रमामागे जातो. वहिनीनं हे चौदा-पंधरा वर्षं पाहिलं. ती भांडखोर नव्हती. एका वर्षी तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दादाच्या घरी असलेल्या संध्याकाळींना टिकली लावली, वर्षअखेर मोजल्या, त्या सदतीस भरल्या. तिनं ते कॅलेंडर त्याला दाखवलं. दादानं मन लावून बघितलं आणि म्हणाला, "एक चुकलीय, अडतीस आहेत." मला हे वहिनीनंच सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. पुढच्या वर्षी ती मुलीला घेऊन तिच्या माहेरच्या शहरात राहायला गेली. बसनं साडेतीन तासांवर.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. आम्ही तिला बुटकी म्हणायचो, कारण ती आणि तिचा चेलो शेजारी उभे राहिले की चेलो थोरला भाऊ वाटायचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊबंद, बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचा. वाद्य दादानंच आणलेलं. शिकवणारे दुसरे होते, दादाला एक सूर येत नाही. पण ती रियाजाला बसली की हा खाली गुडघ्यावर बसून तिची खुर्ची लावून द्यायचा. अर्धं बोट पुढे, अर्धं बोट मागे. तेवढ्यापुरती बाप-लेकीची संध्याकाळ.

नंतर ती वर्षातून दोनदा यायची, मग एकदा. तिचे कार्यक्रम तिकडे व्हायला लागले, नेमके त्याच दिवशी ज्या दिवशी इकडे याचे असायचे. सतरा वर्षांत दादानं तिला एकदाही वाजवताना पाहिलं नाही. "पुढच्या खेपेला नक्की" हे तो इतक्यांदा म्हणाला की तिनं कार्यक्रम कळवायचंच सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. नातं आपलं फडताळात ठेवलेल्या काचेच्या भांड्यासारखं, फुटू नये म्हणून कुणी काढायचंच नाही.

माझं सारथ्य सुरू होऊन चारेक आठवडे झाले होते. एका सकाळी गाडीत बसल्या बसल्या दादा म्हणाला, "चेलोची एक जागा भरतोय. ऑडिशन आहे."

"बरं."

"बुटकीचा अर्ज आलाय."

मी गाडी बाजूला घेतली. "तिनं फोन केला होता?"

"नाही. अर्जच आला. सगळ्यांसारखा." तो समोर बघत होता. "बाराजणांत निवड झालीय तिची. पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकून. त्यावर नाव नसतं, त्यामुळे कुणाला माहीत नाही."

"आणि तू?"

"मला नावं माहीत असतात. एकट्यालाच."

दादा नियमाचा पक्का. तो त्याच दिवशी व्यवस्थापक बाईंकडे गेला आणि म्हणाला, माझी मुलगी आहे, या वेळी ऑडिशन दुसऱ्या कुणाला सांभाळू दे. बाई म्हणाल्या, "तुम्हाला मत आहे का?" नाही. "तुम्ही गुण देता का?" नाही. "मग तुमची अडचण काय? आणि तुमच्याशिवाय पडदा लावणार कोण?" दादानं हे मला सांगितलं तेव्हा तक्रार केल्यासारखा आवाज काढला होता, पण मनात मांडे चालले होते. मला दिसत होतं ना, घरी मी त्याला सोडायला गेले तेव्हा. दोन खुर्च्यांचं त्याचं घर, त्यातल्या एकीवर गेली कित्येक वर्षं इस्त्रीचे कपडे असायचे. ते उचललेले होते.

"लागली इथं, तर रोज दिसेल," तो म्हणाला. "बोललं पाहिजे असं नाही. पण वर तालीम चालली की खाली ऐकू येईल, आणि त्यातला एक आवाज तिचा असेल."

आता हे ऑडिशन कसं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिल्या चेलोवाल्या, म्हणजे चेलोंच्या प्रमुख बाई धरून नऊ जण निवड करतात. ते सभागृहात खुर्च्यांवर बसतात आणि त्यांच्या नि स्टेजच्या मधे छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा. वाजवणारा कोण, बाई की पुरुष, गोरा की काळा, ओळखीचा की परका, काही दिसता कामा नये. कानांनी निवडायचं. येणाऱ्यानं पिशवीतून नंबर उचलायचा, त्या क्षणापासून त्याला नाव नाही. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येते, म्हणून तयारीच्या खोलीपासून स्टेजपर्यंत गालिचा. उमेदवारानं तोंड उघडायचं नाही. दादा दारावर टकटक करणार, पुढे चालणार, उमेदवार मागून, आणि स्टेजवर दादाच सांगणार, "नंबर अमुक." दोन उमेदवारांच्या मधे दादा खुर्ची पुन्हा मूळ जागी आणून ठेवणार. जमिनीवर चिकटपट्टीच्या चार खुणा, त्यावर चार पाय. चेलोच्या बुडाची टोकदार सळई घसरू नये म्हणून समोर एक भोकं पाडलेली फळी, तीही खुणेवर. तिथून पुढे ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं सरकवून घ्यायची. सगळ्यांना सारखीच गैरसोय, असा तो न्याय. ही नियमावली वीस वर्षांपूर्वी दादानंच लिहिलेली.

ऑडिशनच्या दिवशी मी तळघरातच थांबले. घरी जाऊन तरी काय करणार होते, भाजी चिरताना बोट कापलं असतं. सकाळी दहापासून स्पीकर बोलायला लागला. "नंबर एक." मग खुर्चीची करकर, फळीची घासाघीस, एक लांब श्वास आणि मग वाद्य. सगळे एकच तुकडे वाजवत होते. तिसऱ्यापर्यंत मला ते पाठ झाले, सहाव्यापर्यंत कंटाळा आला. पण खुर्चीची करकर मात्र प्रत्येकाची निराळी होती. कुणी एकदाच ठासून ओढायचा. पाच नंबरनं इतक्यांदा पुढेमागे केली की मला उठून जाऊन धरून ठेवावीशी वाटली.

"नंबर नऊ," दादा म्हणाला. आवाज नेहमीचाच.

मी करकरीची वाट बघत होते. ती आलीच नाही. श्वाससुद्धा ऐकू आला नाही. थेट सूर.

मला संगीतातलं कळतं ते ऐकण्यापुरतं. सुरुवात छान झाली, आधीच्या आठांपेक्षा उजवी, असं मला वाटलं. मग खालच्या जाड तारेवरचा भाग आला तिथं काहीतरी अडकलं. धावताना पदर पायात यावा तसं. तिनं सावरलं आणि शेवटपर्यंत नेलं. मला नंबर माहीत नव्हता, दादा सांगणाऱ्यातला नाही. पण का कोण जाणे, मी स्पीकरजवळ जाऊन उभी राहिले होते.

त्यानंतर जेवणाची सुट्टी. दादा खाली आला, डबा काढला, उघडला नाही. "झाली का तिची?" मी विचारलं. त्यानं फक्त मान डोलावली. तेवढ्यात दार वाजलं आणि पहिल्या चेलोवाल्या बाई आत आल्या. पांढरे केस, हातात पाण्याची बाटली. मला बघून थबकल्या.

"माझी बहीण," दादा म्हणाला.

"बसा हो तुम्ही, उठू नका," त्या मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "मास्तर, नऊ नंबरनं खुर्ची हलवली नाही."

दादानं डबा बाजूला सारला.

"आठही जणांनी हलवली. मी तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसते, मला रोज हलवावी लागते. आल्या आल्या तसाच बसून वाजवणारा चेलोवाला मी जन्मात पाहिला नाही."

"तुम्हाला काय विचारायचंय?"

"मला काहीच विचारायचं नाही." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "बाकीच्यांच्या लक्षात आलेलं नाही. ते तुताऱ्या वाजवणारे, त्यांना खुर्चीचं काय. माझं म्हणाल तर वय झालं, कानांचं काय खरं आहे. एवढंच सांगायला आले होते."

त्या जायला वळल्या. त्या बाईंचं मन मोठं होतं. जाऊ दिलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं.

"मी लावून दिली होती," दादा म्हणाला. "मागच्या दोन पायांखाली ठोकळे घातले होते."

ते ठोकळे मला आठवले. बुटकीसाठी त्यानं घरी केलेले, बोटभर उंचीचे, लाकडाचे. मागून खुर्ची उचलली की बसणारा जरा पुढे झुकतो, लहान मुलीचा हात तारांवर नीट पोहोचतो. स्टेजवरही तसे असतात, सुताराच्या कपाटात, कुणी मागितले तर द्यायला. आठवा उमेदवार गेला, हा खुर्ची खुणेवर ठेवायला वाकला आणि ठोकळे घालून उठला. "हातांनी केलं," तो मला नंतर म्हणाला. "डोकं तिथं नव्हतंच. मी दारावर टकटक करून तिला घेऊन येत होतो तेव्हा गालिच्यावर मधेच लक्षात आलं, की आपण काय केलंय. पण तेव्हा ती मागून चालत होती. एक्केचाळीस पावलं. बोलायला मनाई."

बाई परत आत आल्या. दार लावून घेतलं. "अहो मास्तर, हात दाखवून अवलक्षण कशाला? ठाऊक कुणाला आहे?"

"मला आहे."

"मग राहू द्या की तुमच्यापाशी."

"कलम सात," दादा म्हणाला. "बाहेरची मदत झाल्यास नंबर रद्द. ते माझ्याच हातचं आहे, बाई. आधीचे आठ जण ज्या खुर्चीवर बसले त्या खुर्चीवर ती बसली नाही."

"मी सांगू नये, पण तिचे गुण—"

"नका सांगू."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलगी का?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या. पाच मिनिटांनी दादाही उठला. एकदा वर जाऊन त्या नऊ जणांना सांगायचं होतं, आणि एकदा तयारीच्या खोलीत जाऊन नंबर नऊला. डबा तसाच राहिला. मी तो पिशवीत ठेवला.

मोठ्या दाराबाहेर मी गाडी काढत होते तेव्हा ती बाहेर आली. पाठीवर चेलोची पेटी, तिच्या डोक्यापेक्षा आता खालीच. मला बघून म्हणाली, "आत्या, तू इथं काय करतेयस?"

"तुझ्या बापाची ड्रायव्हर आहे. बस, सोडते स्टँडवर."

चेलो मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला, ती पुढे बसली. सिग्नलला म्हणाली, "मी आता तशी बसत नाही, आत्या. सोळाव्या वर्षापासून नाही. पाठ धरायला लागली तेव्हा शिकवणाऱ्या नव्या बाईंनी ते झुकून बसणं बंद केलं. सरळ, सपाट खुर्ची. ठोकळ्यांवर मला आता वाजवताच येत नाही, चेलो गुडघ्यांतून निसटतो."

"मग काढायचे ना ते. सगळ्यांनी एवढी ओढाओढ केली."

"बसले आणि कळलं, हे कुणी लावलंय." ती खिडकीबाहेर बघत होती. "तो पडद्याच्या कडेला उभा होता. ठोकळे काढले असते तर त्याला ऐकू गेलं असतं. मला नाही काढवले."

"वाईट वाजलं का गं?"

"वाईट नाही," ती म्हणाली. "चौदा वर्षांच्या मुलीनं वाजवावं तसं वाजलं."

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग तिनं रुमाल काढला.

"रागावलीस का त्याच्यावर?"

"रागावलेय. तिथं आत त्यानं मला काय सांगितलं माहितेय? 'नंबर नऊ, आपण जाऊ शकता. चूक माझी आहे.' आपण. मला." तिनं नाक पुसलं. "रद्द केलं त्याचा राग नाही. केलं नसतं तर तो बाबाच नव्हे. पण एवढ्या वर्षांत मी कशी बसते हे त्याला माहीत नाही, याचा आहे बहुतेक. विचार करून सांगते."

ती जागा तीन नंबरला मिळाली. उंच, लाजाळू, वाकून चालणारा माणूस. दादानं नकाशावर त्याचा गोल काढला आणि त्याचे गुडघे पुढच्याला लागतात म्हणून वीतभर जागा करून दिली. सहा आठवडे संपले, तो पुन्हा स्वतः गाडी चालवायला लागला. त्याच्या घरी गेले तर इस्त्रीचे कपडे खुर्चीवर परत आलेले. तो बोलत असे ते कामाचंच. एकदा मात्र जेवताना मधेच म्हणाला, "चिमे, ती आता कशी बसते गं?"

"मला काय माहीत? मी काय चेलोवाली आहे?"

"कुणाला विचारावं?"

"जाऊन बघावं," मी म्हटलं. जरा फटकळच बोलले, पण लेकी बोले सुने लागे असं काही नव्हतं, सरळ त्यालाच बोलले होते.

दोन महिन्यांनी त्यानं रजा टाकली. कार्यक्रमाच्या दिवसाची रजा, नोकरीतली पहिली. व्यवस्थापक बाईंनी फोन करून मला विचारलं, "मास्तर बरे आहेत ना?" रविवारी दुपारी चारचा तिचा कार्यक्रम होता, तिकडच्या लहान सभागृहात. दादानं तिकीट काढलं, चौथी रांग, कडेची खुर्ची. मुलीला कळवलं नाही. मलाही निघाल्यावर बसमधून सांगितलं.

सोमवारी सकाळी बुटकीचा फोन आला. "आत्या, बाबा काल आला होता का इकडे?"

"तुला कसं कळलं?"

"मध्यंतरात सगळे चहाला उठले आणि एक माणूस पुढे येऊन स्टेजवरच्या खुर्च्या बघत उभा राहिला. आमच्या हमालांना त्यानं काहीतरी सांगितलंसुद्धा, त्यांच्याकडूनच कळलं मला. दुसरं कोण असणार?" ती हसली, पण आवाज सपाट होता. "मला वाटलं संपल्यावर मागे येईल. मी मागच्या दाराबाहेर थांबले होते. चांगली दहा मिनिटं. नाही आला."

बुधवारी दादाची सुट्टी असते, तो माझ्याकडे येतो. आमचे हे कामावर गेलेले, घरात आम्ही दोघंच. त्यानं बूट काढले, पेपर उचलला, नेहमीच्या जागी बसला. मी चहा ठेवला. "बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं. सरळ बसते. पाठ अजिबात टेकत नाही, पाय जरा मागे घेते. खुर्ची सपाट, मऊ गादी नको." त्यानं पेपरच्या कडेवर बोटानं काहीतरी आखलं. "छान वाजवते, चिमे. मला कळत नाही, पण शेजारच्या दोन बायका रडत होत्या."

"मग आत जाऊन भेटला का नाहीस?"

"आत जायला पास लागतो. मीच लोकांना अडवतो ना, पासाशिवाय."

"ती बाहेर आली होती, दादा. मागच्या दारापाशी थांबली होती."

"पाहिलं मी," तो म्हणाला. "समोरच्या बसथांब्यावरच होतो. चेलो पाठीवरून उतरवलासुद्धा नव्हता तिनं. सारखी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होती. कुणाची तरी वाट बघत होती गं. म्हटलं, असेल कुणी तिचं माणूस. आपण मधे कशाला."

मी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला. "तुझी वाट बघत होती."

त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. नीट, कडा जुळवून.

"दहा मिनिटं थांबले म्हणाली," मी म्हटलं.

"बारा," दादा म्हणाला.

चहावर साय धरली.

"मग?" मी विचारलं.

"मग बस आली."

मी त्याचा फोन टेबलावरून उचलला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. तो फोनकडे बघत बसला. "काय बोलू?" म्हणाला. एकसष्ट वर्षांचा माणूस, चौऱ्याऐंशी माणसांना रोज कुठं बसायचं ते सांगणारा.

"ते मी कसं सांगू?"

"तू लाव ना. तू आधी बोल, मग मला दे."

"नाही," मी म्हटलं. "मी आत आहे."

स्वयंपाकघराला आमच्याकडे दार नाही, बोललेलं सगळं ऐकू येतं. सकाळची भांडी घासून पालथी घातलेली होती. बाहेर त्यानं लावलेल्या फोनची पलीकडची पहिली घंटा ऐकू आली तशी मी नळ मोठा सोडला आणि ती एकेक पुन्हा धुवायला घेतली.